‘मद्रा इश्के’ : पाणकुत्रा की पाणमांजर?

आयरिश लोककथांचा अनुवाद करणाऱ्या एका वाचकाने विचारलं आहे: नदीकाठच्या ‘मद्रा इश्के’ या प्राण्याच्या नावाचा शब्दशः अर्थ ‘पाण्याचा कुत्रा’ होतो, तर मराठीत ‘पाणकुत्रा’ लिहावं का? की कोशात सापडलेलं ‘उदमांजर’ बरं?

दोन्ही नकोत, पाणमांजर लिहा. मद्रा इश्के म्हणजे ऑटर. आयर्लंडच्या नद्या-तळ्यांत आणि समुद्रकिनाऱ्यावरही तो राहतो. खाऱ्या पाण्यात मासे धरले तरी अंगावरचं मीठ धुवायला त्याला गोडं पाणी जवळ लागतं. आपल्याकडे कोकणातल्या खाड्यांत दिसणारं पाणमांजर त्याचंच भाऊबंद, जात तेवढी वेगळी. आयरिश माणसाला हे नाव घेताना दारातला कुत्रा आठवत नाही, जशी पाणमांजर म्हणताना आपल्याला घरातली मनी आठवत नाही. ‘पाणकुत्रा’ वाचून मात्र मराठी वाचक पोहणारा कुत्राच शोधत बसेल.

उदमांजराने फसगत होते ती हिंदीमुळे. हिंदीत ऊदबिलाव म्हणजे ऑटरच. मराठी उदमांजर मात्र रात्री झाडांवरून हिंडणारं, फळं खाणारं, कधी घराच्या माळ्यावर मुक्काम ठोकणारं. त्याला नदीत सोडू नका.

या नावातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट मात्र कुत्रा-मांजराची नाहीच, ती ‘इश्के’ची आहे. इश्के म्हणजे पाणी. आपलं उदक, संस्कृतातला ‘उद्र’ हा जलचर, इंग्रजी ऑटर आणि हे इश्के, सगळे पाण्याच्या एकाच प्राचीन धातूपासून निघाले आहेत. व्हिस्की हा शब्दसुद्धा ‘इश्के बाहा’, म्हणजे ‘जीवनाचं पाणी’, यातूनच आला. इतक्या दूरच्या दोन भाषांत पाण्याचं नातं असं टिकून राहावं, याचा मला दर वेळी नव्याने आनंद होतो.

आयरिशमध्ये कोल्हाही कुत्राच आहे: मद्रा रुआ, ‘तांबडा कुत्रा’. कथेत कोल्हा आणि ऑटर नावावरून भांडत असतील, तर पहिल्या उल्लेखाला ‘तिकडे ज्याला पाण्याचा कुत्रा म्हणतात ते पाणमांजर’ असं एकदा सांगून टाका. त्यापुढे नुसतं पाणमांजर पुरे.

तुमच्या इंग्रजी प्रतीत ‘वीझल’ हा लांबट अंगाचा छोटा शिकारी प्राणी आला असेल तर थांबा. आयर्लंडमध्ये खरा वीझल नाहीच. तिथले लोक इंग्रजी बोलताना स्टोटलाच, म्हणजे वीझलच्या जवळच्या भाऊबंदालाच, वीझल म्हणतात. त्याचं आयरिश नाव ‘असोग’. मराठीत त्याला नाव नाही, म्हणून स्टोटच लिहा. मुंगूस करू नका, ते कूळच निराळं.

आयरिश प्राण्यांच्या नावांत आणखी एक मजेचं नाव म्हणजे ‘गिरिया’. या नावाची फोड ‘आखूड हरीण’ अशी होते आणि प्राणी म्हणजे तिथला मूळचा ससा. इथे मराठी शब्द अगदी चपखल बसतो, कारण आपला रानातला ससाही त्याच कुळीचा. आपले पाळीव पांढरे ससे ज्या जातीचे, त्या रॅबिटची गोष्ट वेगळी. तो आयर्लंडमध्ये मध्ययुगात तिथे चाल करून आलेल्या नॉर्मन लोकांनी आणला आणि तो बिळात राहतो. गिरिया गवतात खळगा करून उघड्यावर बसतो, तेव्हा अनुवादात त्याला ससा म्हणा, फक्त बिळात घालू नका.