वीज कंपन्या सॅपसारख्या सॉफ्टवेअरमध्ये मालमत्ता आणि ग्राहक कसे सांभाळतात? यात करिअर करायचं तर कुठलं मॉड्यूल शिकू?

मी कन्सल्टंट नाही. रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठच्या गावांत वीज वितरणात शाखा अभियंता होतो, त्यामुळे तिथलंच सांगतो.

सॅप आयएस-यूमध्ये, म्हणजे सॅपच्या वीज, पाणी, गॅस कंपन्यांसाठीच्या भागात, एका बाजूला बिझनेस पार्टनर, कॉन्ट्रॅक्ट अकाउंट, कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे माणूस आणि त्याचं बिल. दुसऱ्या बाजूला कनेक्शन ऑब्जेक्ट, प्रिमाइस, इन्स्टॉलेशन, डिव्हाइस, म्हणजे घर आणि मीटर. पोल, डीपी (वस्तीला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर), सबस्टेशन यांची देखभाल सॅपच्याच प्लांट मेंटेनन्समध्ये नाहीतर मॅक्सिमो या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, नकाशा जीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये. हे कुठल्याही क्लासमध्ये शिकवतात. खरा जीव आहे तो एका दुव्यात, कुठलं मीटर कुठल्या डीपीवर आहे यात. तो चुकला की बाकी सगळं कितीही चकाचक असू दे, काही उपयोग नाही.

२००८ च्या आर-एपीडीआरपीमध्ये, म्हणजे वीज गळती कमी करायच्या केंद्राच्या योजनेत, आधी ३० हजारांवर वस्तीची शहरं धरली होती, आमच्या वाड्यांपर्यंत सर्व्हे पोचला नंतर, तोही एका ठेकेदाराच्या पोरांकडून. गाडी जिथवर गेली तिथवर त्यांनी पोल मोजले. वरच्या वाडीला पाखाडी चढून जावं लागतं, तिथे कोण जातो, मग खाली बाजारात बसून अर्धी वाडी त्यांनी बाजाराच्या डीपीला लावून टाकली. नावांवरून पडताळायचं म्हटलं तर अख्ख्या वाडीचं आडनाव एक, आणि निम्मी कनेक्शनं वारलेल्या आजोबांच्या नावावर. सिस्टिमच्या लेखी ते आजोबा अजून ग्राहकच आहेत.

पुढे डीपीवाइज एनर्जी ऑडिट सुरू झालं. डीपीच्या मीटरवर आत किती युनिट गेली, त्यातून तिच्यावरच्या ग्राहकांची बिलं वजा, उरलं ते लॉस. वरच्या डीपीवरची अर्धी घरं कागदावर बाजारात, त्यामुळे तिचा लॉस भयंकर दिसायला लागला, त्यात गणपतीचा महिना, चाकरमानी आलेले, घराघरात लायटिंग. वरून रिपोर्ट आला आणि भरारी पथक थेट वाडीत, घरात गणपती बसलेला, पाहुणे पडवीत, आणि हे मीटरची सीलं तपासतायत, वीजचोरीच्या कलम १३५ ची भाषा करतायत. ज्या आजीने बिलाची तारीख कधी चुकवली नाही तिला शेजारपाजाऱ्यांसमोर चोर ठरवलं. माझ्या डोक्यात ते अजून आहे आणि म्हणूनच एवढं लिहितोय.

मला त्या रिपोर्टात दुसरीच ओळ दिसत होती. बाजारातल्या डीपीचा लॉस उणे आला होता. आत गेली त्यापेक्षा जास्त वीज कोणी वापरू शकतं का? पण उण्याकडे बघायला कुणाला वेळ नव्हता, चोरी सापडली की आकडा चांगला दिसतो. आमचे जुने लाईनमन, सगळे तात्या म्हणायचे त्यांना, त्यांनी दुसऱ्या दिवशी वरच्या डीपीचे फ्यूज काढले आणि मी वही घेऊन वाडीभर फिरलो, कुणाची लाईट गेली ते लिहीत. एका दुपारचं काम. ती यादी मी मीटिंगमध्ये ठेवली तर कन्सल्टंट साहेब म्हणाले, फील्ड स्टाफला बदल नको असतो, म्हणून सिस्टिमवर ढकलतात. अहो, सिस्टिम बरोबर व्हावी म्हणून तर आम्ही फ्यूज काढले! दुरुस्ती चेंज रिक्वेस्टच्या रांगेत पडली ती पडली, झाली तेव्हा त्याला डेटा क्लीन्सिंग असं नाव देऊन त्याचंही श्रेय त्यांनीच घेतलं. आजीकडे माफी मागायला त्यांच्यातलं कुणी गेलं नाही.

मालमत्तेच्या बाजूलाही तीच गत. तपासणीचं वेळापत्रक उपकरणाच्या प्रकारावर बसवलेलं, घाटावर जे तेच किनाऱ्यावर. आमच्याकडे खाऱ्या वाऱ्यात स्टे वायर आणि क्रॉसआर्म गंजून जातात, इन्सुलेटरवर मिठाचा थर बसतो आणि पावसाची पहिली सर आली की त्या थरावरून ठिणगी उडून (फ्लॅशओव्हर) फीडर, म्हणजे मोठी लाईन, ट्रिप. समुद्रापासून अंतर एवढी एक माहिती उपकरणाच्या मूळ नोंदीत (मास्टरमध्ये) भरा म्हणून मी लिहून दिलं होतं, टेम्पलेटमध्ये बसत नाही असं उत्तर आलं.

एवढं बोललो तरी सॉफ्टवेअर वाईट असं म्हणत नाही. उणे लॉस त्यानेच दाखवला, रजिस्टरात तो कधी कळला नसता, आणि आमची रजिस्टरं तरी वाळवीने किती ठेवली असती. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात पोल आडवे झाले तेव्हा जिथे दुवे बरोबर होते तिथे कुठल्या डीपीखाली किती घरं अंधारात हे स्क्रीनवर दिसत होतं, त्यानुसार माणसं पाठवता आली. पाणी आणि गॅसचं थोडं वेगळं असेल, त्यात मी बोलत नाही.

तुमच्यासाठी म्हणाल तर आयएस-यू शिका, बिलिंग आणि डिव्हाइस मॅनेजमेंट दोन्ही, सॅपच्या ईसीसी या जुन्या आवृत्तीचा नेहमीचा सपोर्ट २०२७ अखेर संपतोय तेव्हा एस/४ हाना या नव्या आवृत्तीवरच शिका, सोबत थोडं जीआयएस. आणि मुलाखतीत त्यांना उलट विचारा, ग्राहक डीपीला कोणी जोडले आणि जागेवर जाऊन कोणी तपासले. व्हेंडरने दिले तसे चढवले असं सांगितलं तर ती नोकरी घेऊ नका.