माफ केलंय, मग पोटात का दुखतं?

ख्रिस्ती कॉलेजांमधल्या वॉर्डन, प्राध्यापक, कधीकधी पाळकही समुपदेशक म्हणून माझ्याकडे एक प्रश्न हमखास घेऊन येतात. "आमच्याकडे नागालँड, मिझोराम, मेघालयाच्या मुली आहेत. इथल्या मुली त्यांची टिंगल करतात. आम्ही बोलावून समजावतो, प्रार्थना करतो, हात मिळवायला लावतो. तरी धुसफूस राहतेच. विषय काढला की उलट चिघळतं. मग काढावा की नाही?"

काढायलाच हवा. कसा, ते अतोलीच्या केसवरून सांगते. तिची परवानगी आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

अतोली नागालँडमधल्या सुमी नागा जमातीची, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. माझ्याकडे आली ती कॉलेजच्या दवाखान्याची चिठ्ठी घेऊन. ॲसिडिटी, झोप नाही, गोळ्यांनी फरक नाही. आम्ही थोडं हिंदीत, थोडं इंग्रजीत बोलत होतो. जेवतेस काय, विचारलं तर म्हणाली, "रूमवरच. मॅगी, बिस्किटं." मेस? "तिथे गर्दी असते." गर्दी सगळ्यांनाच असते की, म्हटलं. तिनं दार नीट लागलंय ना ते पाहिलं आणि मोबाइल पुढे केला.

काही सेकंदांचा व्हिडिओ. अतोली पाठमोरी, इंडक्शनवर छोट्या पातेल्यात काहीतरी ढवळतेय. खाली मराठीत लिहिलेलं : ‘आज कुणाचा डॉगी हरवलाय?’ हॉस्टेलच्या मजल्याच्या ग्रुपवर टाकलेला, त्याखाली हसण्याची रांग. तिला मराठी वाचता येत नाही. मेसमधल्या मावशींना तिनं अर्थ विचारला. मावशी आधी "काय नाय गं, असंच" म्हणाल्या, मग सांगितला आणि त्या दिवशी तिला एक पोळी जास्त वाढली.

पातेल्यात कुत्र्याचं मांस नव्हतं, होती अखुनी. सोयाबीन उकडून, पानात बांधून, चुलीजवळ काही दिवस आंबवायचं आणि मग धुरी दिलेल्या डुकराच्या मटणात घालायचं. सुमी घरांत हे रोजचं. वास उग्र असतो, यात वाद नाही. आपल्याकडे सुकट भाजायला घेतली की वरच्या मजल्यावरचे खिडक्या लावून घेतात, त्यातलाच प्रकार. पण सुकटीच्या वासावरून कुणी आपल्या जातकुळीचा निकाल लावला तर कसं वाटतं, ते कोकणातून मुंबई-पुण्यात आलेल्यांना वेगळं सांगायला नको.

प्रकरण वॉर्डनबाईंपर्यंत गेलं होतं, आणि त्यांच्या दृष्टीनं मिटलंही होतं. अतोली आणि व्हिडिओ टाकणारी रिबेका, दोघींना खोलीत बोलावलं. सत्तर वेळा सात क्षमा करण्याचं वचन वाचलं. व्हिडिओ डिलीट करवला. मग अतोलीला, "तू समजूतदार आहेस, तू आधी बोल." अतोली बोलली. वासाचा त्रास झाल्याबद्दल तिनंच सॉरी म्हटलं! दोघींनी गळामिठी घातली, प्रार्थना झाली, विषय संपला.

"मी माफ केलंय, मॅम. खरंच केलंय," ती मला म्हणाली. "मग पोटात का दुखतं?"

श्रद्धावंत घरातली मुलं हा प्रश्न विचारतात तेव्हा त्याखाली दुसरा दडलेला असतो : माझा विश्वास कमी पडला का? अतोलीला मी आधी एवढंच सांगितलं की क्षमा तू केलीस, पण मेसमध्ये काहीच बदललेलं नाही. ताट घेऊन आत शिरताना तुझी नजर अजून कोण हसतंय ते शोधते. रोज तीन वेळा शरीर असं ताठ उभं राहिलं की पोट बिघडणार आणि झोप उडणार. तो विश्वासाचा दोष नव्हे. शिवाय जिथे ‘नाही’ म्हणायची सोयच नाही, तिथे अधिकारावरच्या माणसासमोर मिनिटभरात मागून घेतलेली क्षमा, ही मिटवामिटवी. वॉर्डनबाईंचा हेतू वाईट नव्हता. पण त्या खोलीत ज्याला लागलं होतं त्यालाच कामाला लावलं गेलं.

ख्रिस्ती कॉलेजात हे जास्त का लागतं, तेही तिच्या बोलण्यातून आलं. २०११च्या जनगणनेत नागालँडची सुमारे ८८ टक्के वस्ती ख्रिस्ती आहे, महाराष्ट्रात एक टक्क्याच्या आसपास. पुण्यातली दोन-तीन कॉलेजं तिच्या यादीत होती, घरच्यांनी हे निवडलं, कारण "आपल्याच लोकांत चाललीय." अमेरिकन मिशनरी मुंबईत १८१३ साली आले, नागा टेकड्यांत १८७२ साली. गाणी वेगळ्या भाषांत, चाली कित्येकदा त्याच. पहिल्या रविवारी चॅपलमध्ये ओळखीची चाल ऐकून तिला रडू आलं होतं. बाहेरच्या रस्त्यावर कुणी ‘चिंकी’ म्हटलं तर ती मान वळवत नाही, त्याची तयारी ती घरूनच करून आली होती. इथली तयारी केलीच नव्हती.

घरी सांगितलंस का? आईला थोडं. आई म्हणाली, तोंड उघडू नकोस, सांभाळून राहा. त्यालाही कारण होतं. २०१२च्या ऑगस्टमध्ये आसाममधल्या हिंसाचारानंतर अफवा पसरल्या आणि बंगळूर, पुण्यातून ईशान्येची मुलं हजारोंनी घरी परतली. त्या गर्दीत तिची मावसबहीण होती. २०२०मध्ये हीच मुलं बाजारात गेली की मागून ‘कोरोना’ अशी हाक यायची. त्या घरात गप्प राहणं ही अनुभवातून आलेली अक्कल आहे. बाहेरच्या माणसानं "बोल गं, घाबरू नकोस" म्हणणं फार सोपं असतं.

म्हणून तक्रारीचा आग्रह मी धरला नाही. घडलेलं तारीखवार लिहायला सांगितलं, स्क्रीनशॉट जपून ठेवायला सांगितले. लिहिताना नवीनच गोष्ट वर आली. एक प्राध्यापक हजेरी घेताना तिचं नाव उच्चारतच नव्हते, "नॉर्थ-ईस्ट, आहे का?" एवढंच विचारायचे. वर्ग हसायचा, तीही हसायची. म्हणजे मुलींनी ग्रुपवर जे केलं त्याची मुभा वर्गातच मिळालेली होती. मग तिला यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, नियम दाखवला. रॅगिंगविरोधी नियमावलीत २०१६ साली दुरुस्ती झाली. वंश, वर्ण, प्रदेश, भाषा, दिसणं यांवरून केलेला शारीरिक वा मानसिक छळ, वाळीत टाकणंसुद्धा, रॅगिंगमध्येच येतं, आणि फक्त पहिल्या वर्षाच्या मुलांपुरतं नाही. तिनं तो दोनदा वाचला. म्हणाली, "म्हणजे मी उगाच मनाला लावून घेत नाहीये."

तिला रिबेकाला शिक्षा नको होती. "ती गरीब घरची आहे, काढून टाकतील तिला." तिच्या मागण्या तिनं स्वतः लिहिल्या : शिजवायला जागा, हजेरीत नाव, आणि पुन्हा असं झालं तर कुणाकडे जायचं ते आधीच ठरलेलं असावं.

व्हिडिओ टाकणारी रिबेका मराठी ख्रिस्ती, नगर जिल्ह्यातली, तिच्या घरातली कॉलेजला आलेली पहिलीच. ती माझ्याकडे तणतणतच आली. "मी काय वर्णद्वेषी आहे का? आम्ही सगळ्यांनाच चिडवतो. मला गावठी म्हणतात, मी गेले का कुठे रडत?" ‘तू वर्णद्वेषी आहेस’ हे वाक्य समुपदेशनाच्या खोलीत कुचकामी आहे असं माझं मत. माणूस पुढचा तासभर स्वतःचा बचाव करत बसतो. काय केलंस, त्यानं काय झालं, यावर राहावं. मी घरचं विचारलं. बाप्तिस्मा होऊनही तिच्या आजोबांना गावातल्या पाणवठ्यावर लांब उभं राहावं लागे. हे तिनं वडिलांकडून ऐकलं होतं आणि रागानं सांगत होती. "ते वेगळं," ती मध्येच म्हणाली. मी तर काही म्हटलंच नव्हतं. कसं वेगळं? "आजोबांनी काही केलं नव्हतं." आणि अतोलीनं? यावर ती बराच वेळ काही बोलली नाही, मग विचारलं, "आता काय करू?"

जिथे केलं तिथेच निस्तरायचं, असं ठरलं. त्याच ग्रुपवर, स्वतःच्या शब्दांत. तिनं मसुदा आणून दाखवला. मी एकच ओळ काढायला सांगितली, ‘अतोली, मला माफ कर.’ कारण त्या ओळीनं चेंडू पुन्हा अतोलीच्या कोर्टात जातो आणि सगळा मजला तिच्या उत्तराची वाट बघत बसतो. आपण काय केलं, ते का चूक होतं, पुढे करणार नाही, इथे थांबायचं. अतोलीनं त्यावर काहीच लिहिलं नाही, आणि ते ठीकच होतं.

प्राचार्यांशी बोलणं जास्त जड गेलं. ख्रिस्तात यहूदी-ग्रीक भेद नाही, मग यांना वेगळं काढलं तर फूट पडेल, असं त्यांचं म्हणणं. आणि मुलींची चेष्टाच तर होती. मी नीडो तानियाची आठवण करून दिली. अरुणाचलचा हा विद्यार्थी, २०१४च्या जानेवारीत दिल्लीच्या लाजपत नगरात दुकानात त्याच्या केसांवरून शेरेबाजी झाली, वादातून मारहाण झाली आणि तो गेला. सुरुवात चेष्टेनंच झाली होती. त्यानंतर केंद्रानं ईशान्येबाहेर राहणाऱ्या तिथल्या लोकांच्या अडचणी पाहायला बेझबरुआ समिती नेमली. प्राचार्यांच्या टेबलावर कॉलेजचं माहितीपत्रक होतं. मुखपृष्ठावर नागा शाल पांघरलेली हसरी मुलगी. मेस समितीत, विद्यार्थी परिषदेत मात्र ईशान्येचं एकही नाव नाही. नाताळची सुट्टी इतकी आखूड की गुवाहाटीपर्यंतच रेल्वेनं दोन दिवस लागणाऱ्या मुली ती हॉस्टेलातच काढायच्या. वर्षातून एकदा ‘नॉर्थ-ईस्ट डे’, नाच, शाली, फोटो. असल्या दिवसांनी माझं मन भरत नाही; पाहुण्यांचं कौतुक होतं, घरच्यांना घरात वाटा लागतो.

कोंडी फोडली पाळकांनी, तोवर ते गप्पच होते. त्यांनी प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय काढला. यरुशलेमच्या मंडळीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जात होतं, कुरकुर झाली. तक्रार जेवणाचीच. प्रेषितांनी ‘आपण सगळे एक’ म्हणून ती दाबली नाही. वाटपासाठी सात जण नेमायला लावले आणि निवडलेल्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. "म्हणजे ज्यांना डावललं, डाव त्यांच्याच हाती दिला," पाळक म्हणाले. प्राचार्य हसले, पण मेस समितीत ईशान्येच्या दोघींची नावं त्याच बैठकीत लिहिली गेली. मागच्या व्हरांड्यात एक्झॉस्ट लावून शिजवायचा ओटा झाला; आता सगळ्यात जास्त वापर मालवणच्या मुलींचा आहे. यूजीसीचा नियम आणि १८००-१८०-५५२२ हा हेल्पलाइन नंबर मराठी, हिंदी, इंग्रजीत हॉस्टेलात लागला. हजेरी घेणाऱ्या सरांना प्राचार्यांनी एकट्याला बोलावून सांगितलं; त्यांना ते आवडलं नाही, पण नाव घेतात.

अतोली मेसमध्ये जेवते, पोट बरंचसं ठीक आहे. रिबेकाशी मैत्री वगैरे झालेली नाही, दोघी एकमेकींना ‘हाय’ म्हणतात.

प्राध्यापकांत मात्र ईशान्येचं अजून कुणीच नाही. जागेची जाहिरात इथल्याच वर्तमानपत्रांत जायची. यंदा ती शिलाँग आणि कोहिमाच्या विद्यापीठांतही पाठवली आहे. मुलाखतीच्या मंडळावर कोण बसणार, यावर प्राचार्य आणि पाळकांचा वाद चालू आहे.