पहिली गाडी घेताय? धुराचा हिशेब असा मांडा

पहिली गाडी इलेक्ट्रिक घ्यावी की हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेली), कुणाचा धूर कमी, हे किमतीआधी विचारलंत, फार बरं वाटलं.

धूर निघतो कुठे, हे आधी बघा. इलेक्ट्रिक गाडीला सायलेन्सरच नाही. सिंहगड रोडच्या सिग्नलला तुमच्या मागे तोंडाला रुमाल बांधून थांबलेल्या स्कूटरवालीच्या नाकात तुमचा धूर जात नाही. पण महाराष्ट्रातली बरीचशी वीज अजून कोळशाची. तो धूर चंद्रपूर, कोराडीच्या वीज केंद्रांतून निघतो आणि तिथेही माणसंच राहतात. छतावर सोलर बसवता आलं तर जरूर बसवा, दिवसा चार्ज करा.

नवखे इथे चुकतात:

- 'हायब्रिड' अक्षरं बघून भुलतात. माइल्ड हायब्रिडमधली छोटी मोटर इंजिनला फक्त हातभार लावते, गाडी नुसत्या बॅटरीवर चालत नाही. स्ट्राँग हायब्रिडची मोटर एकटीही गाडी ओढते, म्हणून ती गर्दीत बराच वेळ इंजिन बंद ठेवते, पेट्रोल खरंच वाचतं. हायवेला हा फायदा घटतो.
- इलेक्ट्रिक म्हणजे शून्य प्रदूषण समजतात. टायर झिजतात, धूळ उडतेच. ब्रेकची मात्र कमी, कारण ॲक्सिलरेटर सोडला की मोटरच गाडी आवरते.

रोजचं जाणं-येणं शहरातच असेल आणि सोसायटीत चार्जर लावू देत असतील, तर बिनधास्त इलेक्ट्रिक घ्या. नाहीतर स्ट्राँग हायब्रिड. बॅटरी बनवतानाच्या प्रदूषणाचं गणित नंतर सांगतो, आत्ता त्यात अडकू नका.