पीसीओएसमध्ये सुरुवात नाश्त्यापासून करा
ताई, पीसीओएसचे, म्हणजे संप्रेरकांचे (हार्मोन्सचे) संतुलन बिघडून पाळी अनियमित होण्याच्या त्रासाचे, निदान झाल्याबरोबर सगळेच खाणे सोडू नका. आधी सकाळचा नाश्ता बदला. गोड चहा आणि बेकरीतले बटर यांऐवजी मटकीची उसळ व ज्वारीची भाकरी घेतली, तर रक्तातील साखर सावकाश वाढते, इन्सुलिन आटोक्यात राहते आणि त्यामुळे बीजांडकोशात वाढणाऱ्या पुरुषी संप्रेरकांनाही काही प्रमाणात आळा बसतो. आपल्या सांगलीत गुळाला औषधी मानतात, परंतु या त्रासात तो साखरेसारखाच समजावा, हे मी आग्रहाने सांगते. जेवणानंतर कृष्णाकाठी किंवा गच्चीवर अर्धा तास चाला आणि जागरण टाळा. वजन जास्त असेल, तर ते ५ ते १० टक्के घटले तरी पाळी नियमित होण्यास मदत होते. डॉक्टरांच्या गोळ्या मात्र परस्पर बंद करू नका, आणि ३ महिने पाळी आली नाही तर त्यांना जरूर दाखवा.