चुकीच्या टेबलावर तीस वर्षं

मी समुपदेशक आहे. पन्नाशी ओलांडलेली माणसं माझ्याकडे बहुतेक वेळा झोपेची तक्रार घेऊन येतात. खरा विषय नंतर निघतो. ‘पुन्हा विशीत जाता आलं असतं तर मी हे केलंच नसतं.’ यातलं ‘हे’ म्हणजे कुणाची बँकेतली नोकरी असते, कुणाचं वडिलांकडून आलेलं दुकान, कधीकधी चांगली चाललेली डॉक्टरकीसुद्धा. पाठोपाठ दोन प्रश्न येतात. आता वेळ निघून गेली का? आणि या वयात असल्या गोष्टीवरून रडू येणं, हा आजार तर नाही ना?

एका ताईंच्या निमित्ताने याबद्दल लिहिते. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ताई ५३ वर्षांच्या, जिल्हा कोषागारात, म्हणजे सरकारी ट्रेझरीत, नोकरीला. बिलं तपासायची, आक्षेप काढायचे, निवृत्तिवेतनाची प्रकरणं मार्गी लावायची. एका सहकाऱ्याच्या निरोप समारंभात जेवताना कुणीतरी विषय काढला, पुन्हा तरुण झालात तर काय व्हाल? कुणी म्हणालं गायक, कुणी क्रिकेटर. ताईंची पाळी आली तेव्हा त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. त्या उठून बाथरूममध्ये गेल्या आणि बराच वेळ बाहेरच आल्या नाहीत. त्या दिवसापासून पहाटे तीनला जाग, ऑफिसात चिडचिड, घरी अबोला. “माझं सगळं आयुष्य चुकीच्या टेबलावर गेलं, मॅडम,” हे त्यांचं माझ्याकडचं पहिलं वाक्य.

अशा वेळी स्वप्नाकडे वळण्याआधी शरीराकडे बघावं लागतं, आणि हे मी कधीच टाळत नाही. या वयातल्या बाईची झोप रजोनिवृत्तीने मोडते, थायरॉइडने मोडते, नैराश्याने मोडते, आणि तिन्हींत मन मागे वळून जुनी खंत उकरतं. ताईंना आधी डॉक्टरांकडे पाठवलं, तपासण्या झाल्या, त्यात काही निघालं नाही. भूक होती, घरात-कामात लक्ष होतं, जगणं नकोसं वाटत नव्हतं. कुणाला दोन आठवड्यांहून जास्त दिवस कशातच गोडी वाटत नसेल, किंवा मरणाचे विचार येत असतील, तर त्याने अपुऱ्या स्वप्नाचा विचार बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञाला भेटावं. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि त्यावर मराठीतही बोलता येतं.

मग मी विचारलं, काय व्हायचं होतं?

“खणणारी,” त्या म्हणाल्या.

ताईंचं माहेर शिरूर तालुक्यातलं, घोड नदीच्या काठचं. त्याच नदीवर इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८३ पर्यंत, हंगामामागून हंगाम, तिथे उत्खनन केलं. साडेतीन हजार वर्षांपूर्वी वसलेलं शेतकऱ्यांचं गाव मातीखालून वर आलं: घरांच्या जमिनी, चुली, धान्य साठवायच्या जागा, रंगवलेली मडकी. ताईंचे मामा तिथे मजुरीला जात. त्यांच्याबरोबर नऊ-दहा वर्षांची ही मुलगी जायची. घराच्या जमिनीखाली दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली आणि त्यात तान्ह्या मुलाची हाडं, हे तिने तिथे पाहिलं. मोठ्या माणसांना पुरताना पाय घोट्यापासून तोडलेले असत, हे तिला कुणीतरी सांगितलं. कशासाठी? मेलेला माणूस उठून निघून जाऊ नये म्हणून असेल, असं तिथले एक सर म्हणाले. “सर ‘असेल’ म्हणाले, मॅडम. एवढा शिकलेला माणूस, आणि ‘असेल’ म्हणाला. मला वाटलं, मग हे मी शोधून काढीन.”

हे सांगताना त्यांचा चेहरा जो उजळला तो मला अजून आठवतो. चाळीस वर्षांत ही आठवण त्यांनी कुणालाही सांगितली नव्हती. नवऱ्यालाही नाही.

बारावी झाल्यावर त्यांनी घरी विषय काढला. वडील म्हणाले, “मातीच उकरायची तर आपलं शेत काय वाईट आहे?” विषय तिथेच मिटला. जवळच्या कॉलेजात बी.कॉम., मग स्पर्धा परीक्षा, नोकरी, लग्न, मुलगा.

आता समुपदेशकाला मोह पडतो तो इथे. ताईंनी बोलता बोलता सांगितलं होतं की पुरातत्त्व विभागाची बिलं आली की त्या ती मुद्दाम आपल्या टेबलावर ओढून घेत. कुठे खणताहेत, किती मजूर लावलेत, कशावर खर्च झाला, हे त्या हजेरीपटांवरून आणि प्रमाणकांवरून (व्हाउचरांवरून) वाचत बसत. एका विधवेचं कुटुंबनिवृत्तिवेतन केवळ नावातल्या फरकामुळे कित्येक वर्षं अडलेलं होतं. ताईंनी जुनी सेवापुस्तकं चाळून, नेमणुकीच्या आदेशापर्यंत माग काढून ते सोडवलं होतं. तेव्हा ‘अहो, तुम्ही आयुष्यभर उत्खननच तर केलंत!’ असं म्हणणं फार सोपं होतं. ऐकणाऱ्याला घटकाभर बरंही वाटतं. मी ते म्हटलं नाही, आणि कुणी म्हणू नये असं माझं ठाम मत आहे. जे हुकलं ते हुकलं. त्यावर गोड पांघरूण घातलं की माणसाला कळतं, आपलं दुःख समोरच्याला झेपत नाहीये. मग तो पुन्हा तोंड उघडत नाही.

त्याऐवजी आम्ही त्या सतरा वर्षांच्या मुलीबद्दल बोललो. १९८८ साली तिच्यापुढे नेमकं काय होतं? पुरातत्त्व शिकायचं तर आधी पदवी, मग पुण्यात राहून एम.ए., मग जागा निघण्याची वाट. घरात तोवर कुणी दहावीपुढे गेलेलं नाही, पाठीवर दोन भावंडं, आणि हा अभ्यासक्रम कुठे असतो हे सांगणारं गावात एकही माणूस नाही. ताई वडिलांवर रागावलेल्या होत्या. तो राग खरा होता, मी तो शमवायला गेले नाही. मात्र स्वतःवरचा त्यांचा राग, ‘मीच हट्ट करायला हवा होता’ हा, तपासून बघण्यासारखा होता. ५३ वर्षांची, पगार असलेली, कार्यालयात चारचौघांना गप्प करणारी बाई त्या पोरीला जाब विचारत होती. त्या पोरीच्या हातात एसटीच्या भाड्याचे पैसेही नव्हते. हे ध्यानात आल्यावर ताई खूप रडल्या. ते रडणं वेगळं होतं, आणि त्यानंतर पहाटेची झोप हळूहळू परतली.

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातले थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकारी व्हिक्टोरिया मेडवेक यांनी १९९०च्या दशकात पश्चात्तापावर काम केलं. त्यांना दिसलं ते असं: नजीकच्या काळात माणसाला केलेल्या गोष्टी बोचतात, पण पूर्ण आयुष्याकडे वळून पाहिलं की न केलेल्या गोष्टी जास्त बोचतात. केलेल्या चुकीचे परिणाम भोगून संपतात, तिला शेवट असतो. न केलेल्या गोष्टीला शेवटच नसतो. ती मनात वाढत राहते आणि तिच्यात कधी काही बिघडत नाही. पुरातत्त्वज्ञ झालेल्या ताई मनातल्या मनात कायम तिशीच्या होत्या, ऊन कोवळं होतं आणि रोज काहीतरी सापडत होतं.

म्हणून मी त्यांना लिहायला सांगितलं. पुरातत्त्वज्ञ म्हणून एक दिवस, उठल्यापासून झोपेपर्यंत. पहिला कागद आला तो असाच, कोवळ्या उन्हाचा. मग म्हटलं, आता एप्रिलमधला दिवस लिहा, हंगाम संपत आलाय आणि आज काहीही सापडलेलं नाही. त्यासाठी त्यांना माहिती लागली. या क्षेत्रात काम केलेल्या एका बाईंशी त्या फोनवर बोलल्या. तंबूतला मुक्काम, मुलांना आईकडे ठेवून घालवलेले हंगाम, कंत्राटी नेमणुका, आणि खणणं थोडं व नोंदी फार, हे सगळं त्यांनी ऐकलं. इनामगावचं खणणं १९८३ ला थांबलं आणि त्याचा मोठा अहवाल आला १९८८ मध्ये, म्हणजे ताई बारावी झाल्या त्याच वर्षी. मधली वर्षं खापरं मोजण्यात, हाडं तपासण्यात, नकाशे काढण्यात गेली. “तिथेही मस्टर आहे, व्हाउचर आहेत,” ताई म्हणाल्या. त्यांना हसू आलं, पण स्वप्न फिकं झालं नव्हतं. उलट ते आता धरता येण्याजोगं झालं होतं.

मग मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला. या दिवसातला कुठला तास तुम्हाला हवा आहे? पद नको, मान नको, फक्त तास.

ताईंनी विचार करायला आठवडा घेतला. उत्तर आलं ते असं: वस्तू हातात आहे, ती काय आहे ते कळलेलं नाही, आणि मी ती वाचते आहे. तो तास.

मी हा प्रश्न फार महत्त्वाचा मानते, कारण बहुतेक स्वप्नांचा गाभा अशा एखाद्याच तासात असतो. एका गृहस्थांना सैन्यात जायचं होतं. एनडीएत, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, प्रवेशाचं वय साडेसोळा ते साडेएकोणीस. ते दार बंद झालेलं आहे आणि ‘मनात आणलं तर काहीही शक्य आहे’ असं त्यांना सांगणं हा खोटेपणा ठरला असता. पण त्यांना हवा असलेला तास बंदुकीचा नव्हताच. पहाटे दहाजण एकत्र धावताहेत आणि कुणीही मागे राहिलेल्याला सोडत नाही, तो होता. काहींच्या बाबतीत मात्र तो तासही आता मिळण्यासारखा नसतो. तिथे शोक करणं हेच काम, आणि त्याला वेळ द्यावा लागतो. एक मार्ग तेवढा मी कुणालाही घेऊ देत नाही, तो म्हणजे राहिलेलं मुलांकडून करून घेण्याचा. ताईंचा मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता आणि ‘तू तरी इतिहास घे’ असा लकडा त्यांनी बारावीत त्याच्यामागे लावला होता. त्याने नाही म्हटलं. ते त्याने बरं केलं, आणि हे मी ताईंना स्पष्ट सांगितलं.

एव्हाना त्यांचे यजमान घाबरून भेटायला आले. “मॅडम, ही राजीनामा देणार आहे का? पोराची फी आहे अजून.” ताईंच्या पर्समध्ये स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जाचा मसुदा खरंच होता. वीस वर्षांची अर्हताकारी (पेन्शनसाठी धरली जाणारी) सेवा आणि तीन महिन्यांची नोटीस, एवढ्यावर राज्य सरकारी कर्मचाऱ्याला तो देता येतो, हे त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक. मी हो म्हटलं नाही, नको म्हटलं नाही. विचारलं एवढंच की दुसऱ्यांची पेन्शन रोज काढता, स्वतःची काढलीत का? त्यांनी काढली नव्हती. दोघं नवराबायको माझ्यासमोरच कागद घेऊन बसली. आज निघाल्या तर किती, ५८ ला निघाल्या तर किती, उपदान (ग्रॅच्युइटी) किती, अंशराशीकरण, म्हणजे पेन्शनचा काही भाग एकरकमी घेणं, करायचं की नाही. शेवटी ताईंनीच ठरवलं, मुलाचं शिक्षण होईपर्यंत नोकरी. अर्ज त्यांनी फाडला नाही, घडी घालून ठेवून दिला. मला ते योग्य वाटलं.

मोडी, मराठीची जुनी लिपी, शिकण्याचा विचार त्यांचाच. जुन्या महसुली कागदांत मोडी त्यांनी पाहिलेली होती. पुण्याच्या पुराभिलेखागारात, म्हणजे जुन्या सरकारी कागदांच्या संग्रहात, पेशवे दप्तराचे आणि नंतरचे कोट्यवधी कागद आहेत, आणि मोडी वाचणारी माणसं फार थोडी. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, भारत इतिहास संशोधक मंडळातही ते होतात. वयाची आडकाठी नाही, पदवी कुठली हे कुणी विचारत नाही. ताईंनी नाव घातलं. सुरुवातीला अक्षरं सुटत नव्हती, सगळं एका दमात गुंतलेलं, कुठे शब्द संपतो ते कळेना. “हातात आहे आणि काय आहे ते कळत नाही,” त्यांनी मला मेसेज पाठवला. खाली एका कागदाचा फोटो.

ही भरपाई आहे का? नाही, आणि ताईही तसं मानत नाहीत. डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात त्या जाऊन आल्या, इनामगावच्या वस्तूंपुढे उभ्या राहिल्या आणि त्यांना पुन्हा रडू आलं. वाईट वाटतंच, त्या म्हणाल्या, पण आता वाईट वाटल्यावर झोप लागते. घरी यजमानांची तक्रार आहे की रविवारचा चहा गार होतो. एका ओळखीच्या घराण्याची जमिनीच्या जुन्या वादाची कागदपत्रं त्यांच्याकडे वाचायला आली आहेत. त्यात एका बाईचं नाव सापडलं, ते वंशावळीत कुठेच नाही. ताई तिचा माग काढताहेत.

गेल्या भेटीत त्यांनी विचारलं, निवृत्तीनंतर पुरातत्त्वाची एम.ए. करू का? ५८ व्या वर्षी नोकरी मिळणार नाही, हे मी सांगितलं. त्यांना ते माहीत होतं. वाणिज्य शाखेच्या पदवीवर प्रवेश मिळतो का, क्षेत्रकार्य किती असतं, गुडघे त्याला साथ देतील का, हे तीन प्रश्न आम्ही कागदावर लिहिले. पहिल्यासाठी त्यांनी संस्थेला पत्र पाठवलं आहे, तिसऱ्यासाठी हाडांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे.