जुन्या कॉमिक्सची मूळ चित्रं पुनर्मुद्रणासाठी कशी जपावीत?

आधी स्कॅन, डागडुजी नंतर. शाईच्या रेषांना किमान ६०० डीपीआय (दर इंचाला ठिपके), जमल्यास १२००. फाइल टिफ या फाइल-प्रकारातच ठेवा. नेहमीच्या जेपेगमध्ये रेषेच्या कडा खराब होतात. कच्च्या स्कॅनला हात लावू नका, सफाई त्याच्या प्रतीवर करा. मूळ कागद आम्लरहित फोल्डरमध्ये, आडवा, उन्हाबाहेर ठेवा. सेलोटेप आणि लॅमिनेशन कृपा करून नकोच!

मूळ चित्रं हरवली असतील तर छापील अंकच आधार. अमेरिकेत कॉमिक्स कलाकार आणि प्रकाशक ग्रेग थीकस्टन जुन्या अंकांच्या पानांवरचे रंग रसायनाने उडवून काळी रेषा मिळवत. पुनर्मुद्रण व्हायचं, पण तो अंक त्यात खर्ची पडायचा. आता रंग स्कॅनवरच वेगळे करता येतात, त्यामुळे अंकाचा बळी देऊ नका.