मॅनेजर नोकरी सोडून चाललाय, नवा माणूस बाहेरून येणार आहे. मी आत्ता काय करावं? थांबावं की दुसरीकडे बघावं?

तुमच्या प्रश्नात एक वाक्य आहे: ‘तो म्हणालाय, काळजी करू नकोस, मी नव्या माणसाला सगळं सांगून ठेवतो.’ हे वाक्य मीही ऐकलंय, अगदी याच शब्दांत. म्हणून लिहितेय.

नाही सांगत कुणी. सांगायचं मनात असतं, पण नोटीस पिरियडच्या शेवटच्या आठवड्यात माणूस मनाने नव्या ऑफिसात पोचलेला असतो.

माझी वर्षाच्या सुरुवातीला चार उद्दिष्टं सिस्टिममध्ये भरली होती. दुसऱ्याच महिन्यात मॅनेजर म्हणाला, ते राहू दे, जुनी बिलिंग सिस्टिम नव्या सर्व्हरवर हलवायचीय, ते तू घे. घेतलं. आठ महिने गेले. तीनदा रंगीत तालीम केली, एकदा पहाटे चारला सगळं जसंच्या तसं मागे फिरवलं. शेवटी एका रविवारी रात्री हललं आणि सोमवारी सकाळी कुणाला पत्ताही लागला नाही. या कामात यश म्हणजे हेच. सिस्टिममधली चार उद्दिष्टं मात्र तशीच राहिली. मीही बदलून घेतली नाहीत. बोलणं झालंय ना, मग झालं!

अप्रेझलच्या, म्हणजे वर्षभराच्या कामाच्या मूल्यमापनाच्या, सहा आठवडे आधी तो गेला. नव्या मॅनेजरने स्क्रीन उघडली तर चारपैकी तीन उद्दिष्टं अपूर्ण. रेटिंग ठरवायच्या बैठकीत प्रत्येक मॅनेजर आपापल्या माणसांसाठी भांडतो. माझं नाव आलं तेव्हा हा बिचारा काय भांडणार? मला भेटून त्याला तीन आठवडे झाले होते. शेरा आला, ‘अपेक्षेपेक्षा कमी’.

जुन्याने जाताना नव्यासाठी लिहिलेली हँडओव्हरची फाइल नंतर बघायला मिळाली. 14 पानं प्रोजेक्टवर, अर्धं पान माणसांवर. माझ्या नावापुढे: ‘अनुभवी. लक्ष घालावं लागत नाही.’ आणि हे कौतुक होतं बरं का.

शेजारच्या सहकाऱ्याने मात्र राजीनाम्याची बातमी आली त्याच आठवड्यात वर्षभराच्या कामाचं एक पान मॅनेजरपुढे ठेवलं आणि सिस्टिममध्ये शेरा लिहून घेतला. मी त्याला चमचा म्हटलं होतं, तोंडावर. माझं काम त्याच्यापेक्षा मोठं होतं हे आजही म्हणेन. चमचा हा शब्द मागे घेते.

तर मॅनेजरचं लॉगिन चालू आहे तोवर शेरा लिहून घ्या. बढती, घरून काम, बदललेली उद्दिष्टं, जे जे तोंडी ठरलंय ते एका मेलमध्ये लिहा, ‘आपलं असं ठरलं होतं, बरोबर ना?’ आणि त्याच्या वरच्यालाही प्रत ठेवा. रजा आणि खर्चाची बिलं त्याच्याकडे मंजुरीला पडली असतील तर मागे लागून मोकळी करा.

नंतर मी त्या मॅनेजरला फोन केला होता. म्हणतो, ‘नव्या माणसाने विचारायला हवं होतं.’ अरे, पण काय विचारायचं हे त्याला कसं कळणार? आठ महिने राबवून घ्यायचं आणि जाताना दीड ओळ लिहायची, याला विसराळूपणा म्हणायची माझी तयारी नाही. चक्क कामचुकारपणा. आमचा हा वाद अजून मिटलेला नाही, आणि तो हे वाचत असेल तर उत्तमच.

हो, एक राहिलं. तुमचा मॅनेजर स्वतःहून जातोय की त्याला घालवलंय? घालवलं असेल तर त्याचा शेरा तुमच्यावरच उलटेल, सरळ त्याच्या वरच्याला भेटा. मालक समोरच बसतो अशी छोटी कंपनी असेल तर यातलं निम्मं सोडून द्या. आणि ऑफिसचे मेल स्वतःच्या खात्यावर पाठवून ठेवू नका, त्यापायी नोकरी जाऊ शकते.

थांबावं की जावं? नव्या माणसाच्या हातचं पहिलं रेटिंग येईपर्यंत थांबा, बायोडेटा तयार ठेवा. मी 14 महिने थांबले. नव्याशी नंतर चांगलं जमलं.

गेल्या वर्षी मी स्वतः टीम सोडली. नऊ जणांवर प्रत्येकी अर्धं पान लिहिलं, दोन संध्याकाळी गेल्या. पाठवण्याआधी ज्याचं त्याला वाचायला दिलं. त्यातला एक म्हणाला, ‘एवढं कशाला? तोंडी सांगितलं असतं तरी चाललं असतं.’